पासोडीवरची काळी रांग

जुनी ती जुनीच आहे मी, मित्रांनो, त्यात लपवायचं काय? मी एक पासोडी आहे. पासोडी म्हणजे काय, असं तुम्ही आईला विचाराल, आणि ती मोबाइलात बघून सांगेल. म्हणून मीच सांगते. जाड सुताची, दुहेरी शिवलेली चादर. अंगावर घेतली तर थंडी पळते आणि खाली अंथरली तर खडा टोचत नाही. आजच्या चादरी दोन धुण्यांत जाळी होतात. माझ्याकडे बघा, पंचेचाळीस वर्षं झाली, तरी मधून धरून ओढलीत तर तुमचेच हात दुखतील.

मला शाळा नाही. अक्षर दाखवलंत तर मुंगी समजेन. पण माझ्याविषयी वर्तमानपत्रात छापून आलं आहे. तुमच्यापैकी किती जणांविषयी आलं? नाही ना? मग मुकाट्याने ऐका.

माझा जन्म देशावरच्या एका हातमागावर झाला. विणकराचं नाव मला ठाऊक नाही. आगाशीच्या एका बापाने मला बाजारातून आणलं आणि लेकीच्या लग्नात तिच्या ट्रंकेत सगळ्यात खाली घातलं. लेकीचं नाव रुक्मिणी. आगाशीहून नंदाखाल असं कितीसं लांब, पायी जाण्याएवढं, पण ती अशी रडली की जसं काही बोटीत बसवून परदेशी पाठवलं. ट्रंकेत मी होते म्हणून सांगते, दोन साड्यांचे पदर भिजले होते.

नंदाखालला तिच्या सासरी वाडी होती. नारळ, सुपारी आणि केळी. त्यातली राजेळी केळी सुकेळ्यांसाठी. सुकेळी खाल्लीत कधी? राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर रांगेत लावून उन्हात वाळवायची आणि मधासारखी झाली की केळीच्याच सुक्या पानात बांधायची. ऐकायला सोपं. करायला बसलात तर दुसऱ्या दिवशी पळून जाल. कारण दिवसातून दोन वेळा एकेक केळं हाताने उलटावं लागतं. सकाळी एकदा, उन्हं उतरताना एकदा. नाही उलटलं तर चिकटलं, चिकटलं तर काळं पडलं, काळं पडलं की गेलं.

सगळं गाव केळी चटईवर घाली. रुक्मिणीने पहिल्याच वर्षी चटई बाजूला केली आणि ट्रंकेतून मला काढलं. शेजारची थेरेसा कुंपणाशी उभी होती. तिच्या वाडीची आणि आमच्या वाडीची विहीर एकच, त्यामुळे भांडणंही रोजची आणि माया पण रोजची.

"अगो रुक्मिणीबाय, नवऱ्याचं पांघरूण केळ्यांना घातलंस?"

"चटईचे वळ उठतात केळ्यांवर. माझ्या सुकेळ्यावर वळ नको."

"आणि नवरा?"

"नवऱ्याला काय, तो बारदानावर पण घोरतो."

तेव्हापासून मी मांडवावर गेले. मऊ, गोड, चिकट केळी माझ्या अंगावर ओळीने निजायची. रुक्मिणी डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करी, दर वर्षी तिथूनच. त्यामुळे पहिल्या वर्षीच्या डागावर दुसऱ्या वर्षीचा डाग, त्यावर तिसऱ्या वर्षीचा. केळ्याचा डाग जन्माचा असतो, राख लावा नाहीतर लिंबू लावा. तीसएक वर्षांत माझ्या अंगावर तपकिरी ठशांच्या बावीस रांगा उठल्या, एकसारख्या, जसे शाळेत प्रार्थनेला उभे राहता तुम्ही. तुम्ही नीट उभे राहत असाल तर.

रुक्मिणीच्या सुकेळ्यांचं नाव झालं. नाताळ जवळ आला की पापडी गावाहून निरोप यायचे, रुक्मिणीबायला सांगा, आमची बाजूला ठेव. खाणारे बोटं चाटत. माझं कौतुक कोणी केलं? कोणी नाही. जेवण झाल्यावर पत्रावळीला कोण बरं म्हणतं! मी मनाला लावून घेतलं नाही. लावून घेतलं असतं तरी सांगितलं नसतं.

आता पुढचं ऐका, कारण सगळं तिथे आहे.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. रुक्मिणीचा नवरा एकनाथ वाडी बघायचा, झाडं राखायचा, पण मांडवाला हात लावायचा नाही. ते काम बायकांचं, असं त्याचं म्हणणं. त्या सकाळी रुक्मिणीचं अंग तापलं होतं. वरच्या दहा रांगा लावून ती पडवीत टेकली. एकनाथ टोपलीजवळ आला आणि म्हणाला, "बस तू. एक रांग मी लावतो."

त्याने लावली. मोठ्या हातांनी, एकाला एक चिकटवून, वाकडी. रुक्मिणीने पडवीतून बघितलं.

"ही रांग आहे की गुरं चालली पाणवठ्यावर?"

"गुरं पोचतात ना पाण्यापर्यंत?" तो हसून म्हणाला आणि वाडीत शिंपण बघायला गेला.

उरलेल्या रांगा रुक्मिणीनेच उठून लावल्या. तासाभराने चार माणसांनी एकनाथला उचलून आणलं. त्याचं काळीज बंद पडलं होतं.

मग दहा दिवस घराला सुतक. सुतकात रुक्मिणी केळ्यांना हात लावीना. दुसऱ्यांच्या तोंडात जाणारी वस्तू, म्हणाली, मी नाही शिवणार. केळी मांडवावर तशीच. थेरेसाला आमचं सुतक नव्हतं. ती काही न विचारता आली आणि एकेक केळं उलटू लागली. दहा रांगा झाल्या. अकराव्या वाकड्या रांगेला तिने हात घातला, तशी पडवीतून रुक्मिणी बोलली.

"ती नको."

"अगो, काळी पडेल."

"पडू दे."

प्रत्येक गोष्टीवर वाद घालणाऱ्या थेरेसाने हात मागे घेतला. ती रांग सोडून तिने पुढच्या रांगा उलटल्या. दहा दिवस, दोन्ही वेळा, असंच. बाकीची केळी सोन्यासारखी झाली, ती थेरेसाने आपल्या घरी नेली. वाकडी रांग माझ्या अंगात रुतली, आंबली, मुंग्या आल्या. शेवटी थेरेसाने करवंटीने खरवडून काढली. मला विहिरीवर आपटून धुतलं. तपकिरी रांगांच्या मधोमध एक काळा, वाकडा पट्टा राहिला तो राहिलाच.

रुक्मिणीने पुन्हा सुकेळी केली नाहीत. मला पाण्याच्या मोटरवर टाकलं. बारा वर्षं, मित्रांनो! मोटर घरघरायची आणि मी थरथरायचे. एका उंदराने माझा कोपरा कुरतडून बाळंतपण केलं. ज्या पासोडीने कधी केळ्यावर वळ उठू दिला नाही, तिच्यावर ही पाळी.

त्या बारा वर्षांतच घरात सून आली. हेमांगी. माणिकपूरच्या फ्लॅटमधली, बाप मूळचा रत्नागिरीकडचा, नोकरीवाला. रुक्मिणीच्या मुलाने, यतीनने, तिला पसंत केलं होतं. ती शाळेत चित्रकला शिकवायची आणि घरी आल्यावर मोटरीच्या खोलीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये चित्रं काढायची. पण कसली? झाड नाही, बाई नाही, गणपती नाही. नुसते रंग. एक लाल भडका, त्यावरून काळं ओढलेलं, कडेला पिवळं. भिंतीत फट होती, तिच्यातून मला दिसायचं. मला मोठं नवल वाटे. हे कशाचं चित्र? आणि कशाचंच नसेल तर ही पोर पुसते कशाला, पुन्हा करते कशाला, रडते कशाला?

रुक्मिणीचं मत ठरलेलं होतं. चहा घेऊन यायची आणि चित्राकडे बघून म्हणायची, "आज काय सांडलं?"

"आई, सांडलं नाही. काढलंय."

"मग पुसायचं फडकं देऊ की राहू दे?"

हेमांगी हसायची. पण दहा वर्षं तिची चित्रं जाईल तिथून परत येत होती. एका गृहस्थाने सांगितलं, पडद्याचं डिझाइन म्हणून बरं दिसेल. त्या दिवशी ती हसली नाही. यतीनला म्हणाली, "एक प्रदर्शन करते माणिकपूरला. शेवटचं. नाही जमलं तर फक्त शाळा."

मे महिन्यातल्या एका दुपारी ती खाली अंथरायला काही शोधत मोटरीच्या खोलीत आली. रंग जमिनीवर पडू नयेत म्हणून मला अंथरणार होती. झटकलं, उन्हात पसरलं आणि बघत बसली. दोन तास! मला वाटलं, ऊन लागलं पोरीला. मग तिने मला लाकडी चौकटीवर ताणून खिळे मारले. दुखलं. पण बारा वर्षांनी कोणी माझ्याकडे तोंड करून उभं होतं, म्हणून मी हूं की चूं केलं नाही.

झावळीचा देठ ठेचून तिने कुंचा केला होता. त्याने एकाच दमात लाल रंग असा फेकला की माझा डावा खांदा पेटला. उजवीकडून निळा आणला, जाड, खरवडत. मला वाटलं आता ती मला पुरी रंगवणार, माझ्या रांगा जाणार. नाही गेल्या. रंग रांगांच्या मधून गेला, आडून गेला. काळ्या पट्ट्यापाशी कुंचा आला आणि थांबला. तिने तीनदा हात उचलला, तीनदा खाली घेतला. शेवटी कुंचा पाण्यात टाकला आणि म्हणाली, "नाही."

ती थांबली का, ते मला कळेना. तिला ठाऊक काहीच नव्हतं. आणि तिने घरात विचारलंही नाही, हे डाग कशाचे, ही पासोडी कोणाची. मोटरवरचं फडकं, त्याला काय विचारायचं? तिथे तिचं चुकलं.

प्रदर्शन माणिकपूरच्या एका सभागृहात लागलं. सहा चित्रं, मधोमध मी. माणसं येत. कोणी मान तिरकी करी, कोणी मागे सरके, कोणी माझ्याकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढी. शाळेच्या दोन मुली आल्या. एक म्हणाली, हा समुद्र आहे. दुसरी म्हणाली, "नाही गं, भांडण आहे. आणि ही काळी बोलत नाहीये कोणाशी." मी कान टवकारले. मी त्याच प्रश्नावर अडले होते, आणि ह्या पोरींना अर्ध्या मिनिटात दिसलं.

तिसऱ्या दिवशी एक बाई आली. साध्या चपला, हातात छत्री, केस पांढरे. सभागृहात कुजबुज झाली, आशालताबाई आल्या. ह्या बाई पेपरात चित्रांवर लिहितात. तोंडावर गोड बोलत नाहीत, वाईटाला वाईट म्हणतात, मोठमोठे चित्रकार त्यांना बघून घाम पुसतात. माझ्यासमोर त्या पाऊण तास उभ्या होत्या. मग छत्री काखेत मारली. गेल्या.

गुरुवारी लेख आला. मुंबईत एक मोठं प्रदर्शन भरायचं होतं, त्यासाठी पाच चित्रकार निवडणाऱ्यांत ह्या बाईही होत्या. आशालताबाईंनी कळवलं की रविवारी सभागृहात येईन, हेमांगीशी लोकांसमोर बोलेन आणि नाव जाहीर करीन. यतीन तर हवेतच होता. त्याने त्याच दुपारी आईला आणि थेरेसाला रिक्षात घालून आणलं. रुक्मिणी प्रदर्शनाला पहिल्यांदाच आली होती. दारातूनच तिने मला ओळखलं.

"अगो बाय! ही तर माझी पासोडी!"

हेमांगी पांढरी पडली. "आई, मोटरवर होती. मला वाटलं…"

"माझ्या घरचं डागाळलेलं फडकं चारचौघांत टांगलंस? लोक म्हणतील, रुक्मिणीला धुता येत नाही."

"आई, आधी ऐक तरी," यतीन म्हणाला आणि मोठ्याने वाचू लागला. लेख ऐकून मला पाठ झाला आहे. आशालताबाईंनी लिहिलं होतं, एवढं धाडसी आणि एवढं आतून हलवणारं चित्र मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नाही. लाल आणि निळा रंग ओरडतात, पण चित्र त्यांचं नाही. चित्र आहे शिस्तीत चालणाऱ्या तपकिरी रांगांचं आणि त्यांच्या मधल्या एका काळ्या, वाकड्या रांगेचं. ती चुकून काळी झालेली नाही. ज्या हाताने बाकी सगळं निगुतीने केलं, त्या हाताने इथे काहीतरी करायचं नाकारलं आहे. इथे कोणीतरी गेलं आहे, आणि कोणीतरी म्हटलं आहे, हे असंच राहू दे.

यतीनचं वाचून झालं. थेरेसाने छातीवर क्रुसाची खूण केली. रुक्मिणी खुर्चीवर बसली.

"तिला कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

"कोणाला, आई?"

"त्या बाईला. थेरेसा, तू सांगितलंस?"

"मी कुठे बघितलीय तिला, बाय!"

मग रुक्मिणीने सुनेला ती सकाळ सांगितली. वाकडी रांग, गुरं, दहा दिवस. तिने कोणाला सांगताना मी पहिल्यांदाच ऐकलं. यतीनला सुद्धा ठाऊक नव्हतं. तेव्हा तो बाहेरगावी कॉलेजात होता, आणि आल्यावर त्याने मांडवाकडे बघितलंही नव्हतं.

हेमांगीने काळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे ज्याचं कौतुक झालं ते माझं नाहीच."

"रंग तुझा आहे ना," यतीन म्हणाला. "कशाला सांगायचं कोणाला? रविवार जाऊ दे. दहा वर्षांनी काहीतरी झालंय, हेमा."

ती सासूकडे वळली. "आई, तुम्ही सांगा."

"मी काय सांगू? सांग नाहीतर नको सांगू, मला त्याचं काय. फक्त ते तुझ्या मनातून आलं असं म्हणू नकोस. तिथे मी बसले होते."

शुक्रवार गेला, शनिवार गेला. हेमांगी रोज येऊन माझ्यासमोर बसायची. मला बोलता आलं असतं तर काय सांगितलं असतं, हे मला आजही ठरवता येत नाही. ती खरं बोलली तर तो लेखच फिरेल. एवढी मोठी बाई, मोटरवरच्या डागाला चित्र म्हणाली, असं लोक हसतील आणि बाई ते पोरीवर काढेल. पोर गप्प राहिली तर मुंबई पक्की. तुम्ही काय केलं असतंत? पटकन उत्तर देऊ नका.

रविवारी सभागृह भरलं. आशालताबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "त्या काळ्या रांगेपर्यंत कशा पोचलात?"

हेमांगी उभी राहिली.

"मी पोचले नाही. ती आधीपासून होती. त्या सगळ्या रांगा केळ्यांच्या आहेत, माझ्या सासूबाईंच्या. ही पासोडी मी न विचारता घेतली. माझे फक्त लाल आणि निळा."

सभागृहात कोणीतरी फिसकन हसलं. यतीनने डोकं धरलं. आशालताबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सासूबाई आल्यात?"

"आल्यात," रुक्मिणी जागेवरूनच म्हणाली. "आणि त्यांना ऐकू पण येतं."

"मी लिहिलं, एका हाताने इथे नाकारलं. तो हात तुमचा?"

"हात थेरेसाचा. नाही म्हटलं मी."

"आणि रांग कोणाची?"

"ह्यांची."

"ह्यांची म्हणजे? नाव सांगा ना. मला लिहायचं आहे."

रुक्मिणीने पदर सारखा केला. नंदाखालच्या तिच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. हळदीकुंकवाला उखाण्यात घ्यायचं, तेवढंच. बाकी आयुष्यभर हे, ते आणि अहो. थेरेसा तिच्या मदतीला नाव सांगणार होती, तिने तोंड उघडलंही होतं. रुक्मिणीने तिचा हात दाबला.

"एकनाथ," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, कारण मागच्या खुर्चीवरच्याला ऐकू गेलं नसावं, "एकनाथने लावली ती रांग. वाकडी लावली. मी त्याला बोलले. म्हणून ती उलटू दिली नाही."

आता कोणी हसलं नाही.

आशालताबाई माझ्याजवळ आल्या आणि हेमांगीला विचारलं, "तुम्हाला हे ठाऊक नव्हतं. मग रंग इथे का थांबवलात?"

"तीनदा हात गेला. पुढे जाईना."

"बरं." त्या वळल्या. "आज मी नाव जाहीर करू शकत नाही. नियम एका चित्रकाराच्या एका चित्राचा आहे, आणि इथे चार जण निघाले. मला इतरांना विचारावं लागेल, ते नाही म्हणू शकतात. पण माझा लेख मी मागे घेत नाही. त्यात नावं कमी होती, ती पुढच्या गुरुवारी छापीन."

छापली. हेमांगी, रुक्मिणी, थेरेसा, एकनाथ. यतीनने वाचून दाखवलं. रुक्मिणी म्हणाली, शेवटचं परत वाच. त्याने वाचलं. ती म्हणाली, परत.

मुंबईचं उत्तर अजून आलेलं नाही. हेमांगी रोज फोन बघते आणि रोज शेडमध्येही जाते. प्रदर्शन शेवटचं होतं, ते तिने पुन्हा कोणाला म्हटलेलं नाही. मी आता रुक्मिणीच्या पडवीत भिंतीवर आहे. कोणी बोट लावायला गेलं की ती ओरडते. सून रंग घेऊन बसली की सासू तिच्यामागे खुर्ची ओढून बसते आणि विचारते, "आता हे इथे का?" उत्तर पटलं नाही तर तसं सांगते. हेमांगी म्हणते, आशालताबाई परवडल्या.

चित्र म्हणजे काय, ते मला अजून नीट कळलेलं नाही, मित्रांनो. मी स्वतः एक चित्र झाले, तरी नाही. पण एवढं मात्र तुमच्याकडे मागते. घरात कुठे जुनं, डागाळलेलं काही सापडलं तर फेकायला किंवा साबण आणायला धावू नका, आणि आवडलं म्हणून गुपचूप उचलूही नका. आधी विचारा, हा डाग कोणाचा. सांगणारं माणूस अजून पडवीत बसलंय, तोवर विचारा.